हळदीला न लागलेले हात

परवा दुपारी खिडकी उघडली आणि शिजत्या हळदीचा वास घरात आला. आता आमच्या गावात हळद ट्रॅक्टरमागून येणाऱ्या कुकरमध्ये वाफेवर शिजते. काहिलीची थोरली कढई नाही, उसाच्या पाचटाचा जाळ नाही, दिवसाचं काम तासाभरात उरकतं. वास मात्र तोच आहे. ओल्या मातीचा, जरासा औषधी, घशाला कोरड आणणारा. मी खिडकी लावून घेतली. समोर राहणारी कॉलेजातली मुलगी भाजी द्यायला आली होती. ती म्हणाली, "आजी, वास सहन होत नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "धूर डोळ्यांत जातो गं." धूर नव्हताच. या वासाजवळ मी अजून खोटं बोलते.

साठ सालानंतरची ती चार-पाच वर्षं. माघ उजाडला, की कृष्णाकाठची आमची गावं पिवळी व्हायला लागायची. वाळला पाला कापून झाला, की कुदळीनं कंद निघत. बायका ओळीनं बसून ढेकळं फोडत, मुळ्या तोडत, गड्डे एकीकडं आणि हळकुंडं एकीकडं करत. मळ्यात चर खणून काहील चढायची. तिच्यावर हळदीचाच पाला आणि ओलं पोतं झाकण म्हणून. गावात काहिली दोनच, त्यामुळं कुणाच्या मळ्यात त्या कधी जायच्या याचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला होता. आमच्या वाट्याला चार दिवस येत. त्या चार दिवसांत घरातल्या प्रत्येक माणसाचे हात लागायचे. आणि हात लागले, की ते पुढं आठवडाभर पिवळे राहायचे. भाकरीवर पिवळी बोटं उमटत, दाराच्या कडीवर पिवळं, मुलींच्या वह्यांच्या कोपऱ्यांवर अंगठ्याचे पिवळे ठसे. शाळेत गृहपाठ तपासताना आज कुणाच्या मळ्यात काहील चढली ते मला वहीवरूनच कळायचं.

माझ्या स्वतःच्या हातांना मात्र लग्नानंतरच्या पहिल्या दोन्ही वर्षांत हळद लागली नाही. त्या कोऱ्या हातांबद्दलच मला लिहायचं आहे.

माझे वडील कराडच्या बाजारात पोती उचलत. आमच्या घरात आलेलं पहिलं पुस्तक माझं. साताऱ्याच्या वसतिगृहात राहून, पहाटे तिथल्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापून मी बी.ए. झाले. पदवीचा कागद मी वडिलांना दाखवला तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, मग तो हातात घेतला. वाचता येत नव्हतं तरी पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाले, "आता तुज्या तोंडाला किंमत आली पोरी. तू बोलशील ते मानसं खरं धरतील." हे वाक्य मी तेव्हा आशीर्वाद म्हणून घेतलं. पुढं मला इस्लामपूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. विज्ञानाला बाई नव्हत्या, म्हणून गणिताबरोबर सातवीचं शरीरशास्त्रही माझ्याकडं आलं.

लग्न झालं ते शाळेपासून दोन मैलांवरच्या गावात. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. अबोल माणूस. घरात सासूबाई, त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं आत्याबाई म्हणायची. त्यांचा नवरा लवकर गेलेला, दोन एकर काळी जमीन त्यांनी एकटीनं राखली होती. मला त्या कधी 'पोरी' म्हणत, कधी थट्टेनं 'मास्तरीण'. सून शिकलेली आहे याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. रस्त्यानं जाताना कुणी विचारलं, "कुठं निगाली सून?" की मी उत्तर द्यायच्या आत त्या सांगत, "शाळंला. पोरींस्नी शानं कराया."

मला पाळी पहिल्यापासून तीन-तीन, चार-चार महिन्यांनी यायची. आई म्हणायची, अभ्यासाची उष्णता डोक्यात चढते, म्हणून खाली येत नाही. वसतिगृहात कुणाचं लक्ष नसे, आणि खरं सांगायचं तर ते मला सोयीचंच वाटे. हनुवटीवर दोन-चार राठ केस उगवत, ते मी चिमट्यानं उपटून टाकी. हे सगळं एकाच आजाराचं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आता समोरची ती मुलगी चहा पिता पिता सांगते, "आजी, मला पीसीओडी आहे," आणि बिस्किट बुडवते. मी तिच्याकडं बघत राहते. इतक्या सरळ आवाजात हे सांगता येतं, याचंच मला नवल वाटतं.

लग्न वैशाखात झालं. आमच्या घरात पाळीच्या चार दिवसांत बाईनं बाजूला बसायचं. ओसरीच्या कोपऱ्यात काळं घोंगडं, वेगळा तांब्या, वेगळी ताटली. 'कावळा शिवला' म्हणायचं, की सगळ्यांना कळे. मी दिवसा शाळेत जाई, त्याला आत्याबाईंची हरकत नव्हती. "शाळा सरकारची हाय," त्या म्हणत. "तितं कावळ्याला बंदी." पण घरात पाऊल टाकलं की घोंगडं.

लग्नानंतर मी एकदा बसले आणि पुढं तीन महिने बसलेच नाही. माझ्या दृष्टीनं ते नेहमीचंच होतं. घराच्या दृष्टीनं नव्हतं. आत्याबाईंनी मला काही विचारलं नाही. त्यांनी नुसती बोटं मोजली आणि एका सकाळी चार बायका बोलावून माझी चोरओटी भरली. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरायची ती ओटी. खण, नारळ, तांदूळ पदरात पडत होते आणि मी गप्प होते. मला शंका होती. शंका कसली, बरंचसं ठाऊकच होतं. पण त्या दिवशी आत्याबाईंनी मला स्वतःच्या हातानं भरवलं, आणि त्या हाताखाली मला 'नाही' म्हणता आलं नाही. पुढं वीस दिवसांनी रक्त गेलं. बायका म्हणाल्या, पडलं. मी तेही तसंच राहू दिलं. 'पडलं' यात निदान काहीतरी होतं असा अर्थ निघतो.

त्याच गावात एक बाई होती, तिला 'येतच नाही' म्हणून नवऱ्यानं माहेरी पाठवली होती आणि दुसरी आणली होती. पाणवठ्यावर तिची गोष्ट हळू आवाजात सांगत. ती गोष्ट ऐकल्यावर मी ठरवलं. कार्तिकापासून दर अठ्ठाविसाव्या दिवशी मी कावळा शिवला म्हणू लागले.

हे लिहितानाही हात थांबतो. शाळेतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं बारीक टिंब करून ठेवी. खरी पाळी मधेच कधी आली, तर ती मी कुणाला कळू देत नसे. तो दिवस आला, की संध्याकाळी दारातूनच सांगायचं, घोंगड्यावर बसायचं, आत्याबाईंनी वरून सोडलेलं पाणी ओंजळीत घ्यायचं. पहाटे उठून गोठ्यामागं जायचं आणि फडकी धुवायची. ती स्वच्छच असत. स्वच्छ फडकी मी दर महिन्याला पिळून, आडोशाला, जुन्या लुगड्याखाली वाळत घालत होते. हे मी कुणाला फसवायला करतेय असं मनात येत नसे. मला वाटे, मी घराला त्या खोट्या आशेपासून वाचवतेय.

गणित शिकवणाऱ्या बाईला एक गोष्ट उशिरा सुचली. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. म्हणजे माझ्या खोट्या तारखा दरवर्षी जवळजवळ त्याच दिवसांवर येणार होत्या. आणि माघातली तारीख नेमकी आमच्या काहिलीच्या चार दिवसांवर आली. अशा दिवसांतल्या बाईची सावली हळदीवर पडली तर हळकुंड काळं पडतं, अशी समजूत. मी ओसरीवर, घोंगड्यावर. आत्याबाई मळ्यात, गुडघे धरून, एकट्या. खराट्याची काडी शिजत्या हळदीत टोचून बघायची, आरपार गेली की गड्यांना "उतरा" म्हणायचं, पुन्हा पाटी डोक्यावर. संध्याकाळी त्या परतल्या की कोपरापर्यंत पिवळ्या असत.

शेजारच्या सगुणाकाकू तोंडाच्या तिखट. कुंपणावरून म्हणाल्या, "शिकल्याली सून हाय बया. हळद आली की कावळा बराबर येतो."

आत्याबाई पाय धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवाचं हाय ते सगुणा. तिच्या हातात हाय व्हय?"

मी त्यांच्यापासून पाच हातांवर बसले होते, आणि ते माझ्याच हातात होतं.

पुढच्या आषाढात आत्याबाईंनीच सांगलीच्या सरकारी इस्पितळाचं काढलं. कुणीतरी सांगितलं होतं, तिथं एक डॉक्टरबाई आहेत, पैसे घेत नाहीत आणि रागावतात पण हात चांगला. एसटीनं आम्ही दोघी गेलो. बाकावर तास-दोन तास बसलो. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, पांढऱ्या पातळातल्या, चष्मा कपाळावर. कागद पुढं ओढून त्यांनी मला विचारलं, "पाळी वेळेवर येते?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई बोलल्या. "आवं डाक्टरीणबाई, घड्याळ हाय घड्याळ. दर म्हैन्याला चार दीस. मी सोता वरनं पानी वाडती तिला. देवाशपत सांगती, मी साक्ष हाय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक अक्षर. शिक्षण नसलेल्या बाईनं देवाची शपथ घेतली आणि शिकलेल्या बाईनं तिला मान डोलावली. डॉक्टरबाईंनी लिहिलं: नियमित, अठ्ठावीस दिवस. इंग्रजीत लिहिलं होतं, पण मला वाचता येत होतं. माझ्या तोंडाला किंमत आली होती ती ही.

त्या एका 'हो'नं पुढचे आठ महिने ठरवून टाकले. पाळी नियमित आहे म्हटल्यावर दोष दुसरीकडं शोधायला हवा. म्हणून आधी यांना बोलावलं. तपासणीसाठी हे रजा टाकून गेले. इस्पितळाच्या ओट्यावर कारखान्यातला एक ट्रकवाला भेटला. "काय राव, कुणाला बगाया आलाय?" यांनी उत्तर दिलं, "मलाच." मग हातात काचेची बाटली घेऊन, ती रुमालाखाली झाकून हे पलीकडच्या खोलीत गेले. त्यांनी घरी येऊन तेवढंच सांगितलं, ट्रकवाल्याचं. बाकी काही नाही. त्यांच्यात दोष निघाला नाही. पुढचे कितीतरी दिवस हे काट्यावरून घरी येताना लांबच्या वाटेनं येत.

मग माझी नळी तपासली. गर्भाशयातून हवा सोडून ती पुढं जाते का बघतात. त्या दुखण्याला मला शब्द नाहीत. खांद्यापर्यंत कळ जाते. टेबलाशी कमलताई नावाची नर्स होती, माझ्याच वयाची. तिनं माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "वरडा बाई," ती म्हणाली. "हितं कोन शाळंतलं न्हाई." मी ओरडले नाही. मला वाटलं, हे दुखणं माझ्या वाट्याचं आहे, ते मी मुकाट घ्यावं. नळ्या मोकळ्या निघाल्या. एवढं दुखणं सोसलेलं वाया गेलं नाही, असं मनात येऊन मला स्वतःची लाज वाटली.

शेवटी माघात डॉक्टरबाई म्हणाल्या, पाळीच्या एक-दोन दिवस आधी पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासू. त्यावरून बीज सुटतं की नाही ते कळतं. तारीख आत्याबाईंनीच सांगितली. त्यांना ती माझ्यापेक्षा पक्की पाठ होती. आम्ही गेलो. कमलताई मला आत नेऊ लागली, तर आत्याबाईंनी तिला बजावलं, "परवा तिची तारीख हाय गं. मागंम्होरं झालं तर शिवू नगा."

कमलताई हसली. "आजी, हितं आमी समद्यांस्नी शिवतो. न शिवता मानूस बरं कसं करायचं?" मग आत आल्यावर, पडदा ओढत, मला म्हणाली, "तुमी शिकवता न्हवं? तुमीबी बसता बाजूला?"

"घरच्यांसाठी," मी म्हणाले.

"आमच्या आईनं एका दिवसात सोडलं," ती म्हणाली. "छप्पन सालानंतर आमी बौद्ध झालो तवा. तिला सही येत न्हाई अजून." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती कात्र्या उकळत्या पाण्यातून काढत होती आणि सहज सांगत होती. म्हणूनच ते लागलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. त्यासाठी आम्ही दोघी आत्याबाईंच्या बहिणीकडं सांगलीतच राहिलो होतो. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा." आत्याबाई गेल्या.

"काय शिकवता तुम्ही?"

"गणित. आणि सातवीला शरीरशास्त्र."

"मग ऐका. हा तुकडा उद्या पाळी येणाऱ्या बाईचा नाही. बीज सुटल्याची यात खूणच नाही. तुकडा खोटं बोलत नाही. कोण बोलतंय?"

मी पायांच्या बोटांकडं बघत होते. त्या उठल्या, माझ्या हनुवटीखाली बोट लावून चेहरा उजेडाकडं वळवला. उपटलेल्या केसांच्या जागा त्यांना दिसल्या असाव्यात. "हेही लपवता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पाळी किती महिन्यांनी येते?"

"तीन. कधी चार."

"आणि दर महिन्याला बसता ते?"

मी सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. डॉक्टरबाईंनी कागद उलटा करून पेन्सिलीनं दोन बदाम काढले आणि त्यांना जाड कड काढली. बीजकोशांवर अशी जाड साल येते, म्हणाल्या, आत पाण्याचे बारीक फुगे धरतात, बीज आतच अडकतं. साल फोडायला शस्त्रक्रिया करायची, दोन्हीकडची एकेक फोड कापून काढायची. पुष्कळ जणींना गुण येतो. सगळ्यांना नाही.

"पण मी कुणाच्या साक्षीवर पोट उघडणार नाही. तीन महिन्यांच्या खऱ्या तारखा लिहून आणा. आल्या नाहीत तर आल्या नाहीत असं लिहा. आणि घरी सांगा. खरी तारीख लिहायची आणि खोटी बसायची, असं चालणार नाही." दाराशी गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "आठ महिने गेले बाई. त्या हवेच्या तपासणीची तुम्हाला गरज नव्हती."

यांच्या बाटलीचीही नव्हती. त्या ते म्हणाल्या नाहीत.

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मळ्यात काहील चढायची होती. सकाळी मी शाळेची पिशवी भरत होते. आत्याबाई मळ्याला निघताना थांबल्या, आतून घोंगडं आणलं, ओसरीच्या कोपऱ्यात झटकून पसरलं आणि शेजारी तांब्या ठेवला. "आज तुजी तारीख," त्या म्हणाल्या. "सांजच्याला घाई नगं. म्या आत्ताच टाकून ठेवलं."

मी म्हणाले, "आत्याबाई, आज बसायचं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही. आधी काही कळलं नाही असा, मग हळूहळू कळत गेल्यासारखा, आणि मग दिवा लागावा तसा. हातातली चुंबळ खाली पडली. त्या जवळ आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "कुनाला सांगू नगंस. मागल्या बारीला मीच घाई केली. मीच चार बाया गोळा केल्या, माजीच दिस्ट लागली. औंदा मी तोंड शिवून बसती."

दीड वर्ष त्या स्वतःला दोष देत होत्या. मला हे माहीत नव्हतं. जे कधी नव्हतंच, ते आपल्यामुळं गेलं, असं मनात धरून ही बाई दर महिन्याला माझ्या ओंजळीत पाणी सोडत होती.

मला त्यांच्या हाताखालून बाजूला होऊन सांगावं लागलं. "तसं नाही, आत्याबाई. तेव्हाही काही नव्हतं. मला येतच नाही वेळेवर. मी खोटं बसत होते."

"खोटं बसायचं म्हंजी?"

मी सांगितलं. कॅलेंडर, टिंब, सगळं. त्या ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "मग फडकी धुवायचीस ती?"

"स्वच्छच असायची."

त्या खाली बसल्या. बसल्या त्या त्या घोंगड्यावरच, ज्याला त्या एरवी पायसुद्धा लावत नसत. त्या मूलबाळाचं काढतील, वांझ म्हणतील, माहेरी जा म्हणतील, असं मला वाटत होतं. माझी सगळी भीती तीच होती. त्या त्यातलं काहीच बोलल्या नाहीत.

"आन् म्या डाक्टरीणबाईम्होरं साक्ष दिली," त्या म्हणाल्या. "देवाची शपत घातली."

"हो."

"तू माज्या तोंडानं खोटं बोललीस."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, घोंगड्याची घडी घातली, वळचणीला ठेवली. "काहील थांबायची न्हाई," म्हणाल्या. मी मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले तर वळून बघितलंही नाही. "शाळा हाय न्हवं तुला? जा शाळंला."

त्या वर्षीही माझे हात कोरेच राहिले. त्या दिवशी सातवीला मी रक्ताभिसरण शिकवलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुमच्याकडं अजून हळद निघाली नाही?" मी हात पदराखाली घेतले.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे बराच वेळ अंगणातल्या वाळत्या हळदीत पाय ओढत चालत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी त्या दिवशी उगाच गेलो होतो." हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि ज्या माणसानं रागावायला हवं होतं तो रागावला नाही, याचं ओझं मी अजून वाहते.

आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढत, पाणी देत, पण नाव घेत नसत. तीन महिने मी वहीत खरं लिहिलं. पहिला महिना, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्यात एकदा. वैशाखात भरती व्हायचं होतं तेव्हा मला वाटलं यांच्याबरोबर जावं लागेल. एसटीच्या थांब्यावर पोचले तर आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं घेऊन आधीच उभ्या.

इस्पितळात भरतीच्या वेळी कमलताई नवा कागद लिहीत होती. सवयीनं तिनं आत्याबाईंनाच विचारलं, "आजी, हिची पाळी कशी येती?"

आत्याबाई म्हणाल्या, "मला इचारू नगा. तिला इचारा. ती खरं सांगंल."

त्या वाक्यात क्षमा होती की शिक्षा, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी सांगितलं. कमलताईनं लिहिलं.

शस्त्रक्रियेला आणि नंतरच्या खाटेला आम्हाला काही पडलं नाही. सरकारी दूध, सरकारी औषध, आणि रोज सकाळी डॉक्टरबाईंचा टाके बघणारा गार हात. जी माणसं माझ्या खोट्यामागं आठ महिने धावली, तीच पुन्हा पहिल्यापासून माझ्यासाठी राबली. निघताना आत्याबाईंनी पिशवीभर हळकुंडं पुढं केली. डॉक्टरबाईंनी त्यातलं एक घेतलं आणि टेबलावरच्या कागदांवर ठेवलं. वरचा कागद माझा होता. 'नियमित' या शब्दावर काट मारलेली होती आणि शेजारी त्यांची सही.

आषाढापासून मला दर महिन्याला पाळी येऊ लागली. पहिल्यांदा मी दारातून "कावळा शिवला" म्हटलं तेव्हा आत्याबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी वळून विचारलं, "खरं?"

"खरं."

पुढं दर महिन्याला त्या एवढंच विचारत. घोंगडं काढण्याआधी, "खरं?" रागानं नाही, चेष्टेनं नाही. दूध तापलं का, असं विचारावं तसं. मला वाटे, एक दिवस विचारायच्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत.

पौषात मी बसले नाही. माघ लागला, तरी नाही. मी त्यांना जाऊन सांगितलं, "आत्याबाई, झाली नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खरं?" मी म्हणाले, "खरं. पण कशामुळं ते माहीत नाही. जुनं दुखणंही असेल." त्यांनी मान हलवली. कुणाला बोलावलं नाही, ओटी भरली नाही, बोटंसुद्धा मोजली नाहीत. फक्त काहिलीचे दिवस आले तेव्हा सकाळी म्हणाल्या, "चल मळ्यात. जड उचलू नगंस. काडी टोचून बग नुसती."

शाळेत रजा टाकून चार दिवस मी काहिलीशी उभी होते. वाफेनं डोळे भरत, काडी घुसत नसे, मग एकदम लोण्यात जावी तशी आरपार जाई, आणि मी म्हणे, "उतरा." पहिल्याच दिवशी हात कोपरापर्यंत पिवळे झाले. सगुणाकाकू पाटी घेऊन आल्या, माझ्याकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं. "औंदा मास्तरीण काहिलीवर? कावळ्यानं वाट बदलली जनू."

आत्याबाई जाळ सारत होत्या. "आजारी हुती पोर," त्या म्हणाल्या. "सांगलीच्या दवाखान्यात बरी केली. पाटी ठेव हितं, उबी ऱ्हाऊ नगंस."

एवढंच गावाला कळलं. मुलगी भाद्रपदात झाली. बारशाला सगुणाकाकूंनीच तिच्या कानात पहिली हाक मारली. आणि आत्याबाई गेल्या त्या दिवसापर्यंत त्यांनी ती दुसरी, खोट्या बसण्याची गोष्ट कुणाला सांगितली नाही. ना बहिणीला, ना नातीला, ना भांडणात मला. देवाशपथ दिलेली ती साक्ष त्यांच्या नावावर तशीच राहिली.

काल मी समोरच्या मुलीला बोलावलं. म्हटलं, बस, मला काही सांगायचं आहे, मग ते लिहून काढायचं आहे. तिनं सगळं ऐकलं. चहा गार झाला होता. ती म्हणाली, "आजी, हे खरं?"

खिडकी उघडी होती. मी म्हणाले, "खरं."